बरण्यांचे ढेकर

आमच्या इमारतीच्या गच्चीवर रोज सकाळी ढेकर निघत. माणसांचे नव्हे, बरण्यांचे. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, ओल्या गोणपाटाखाली, काचेच्या आणि चिनी मातीच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असत. गंजीफ्रॉक आणि पंचा अशा वेषात आमचे शेजारी तिथे उकिडवे बसत आणि एकेका बरणीचं झाकण जरासं सैल करत. आतून फुस्स असा आवाज येई. त्यांची मान समाधानाने हले, झाकण पुन्हा बसे आणि ते पुढच्या बरणीकडे सरकत. एखादी गप्प राहिली तर तिला कान लावून विचारत, "काय गं, पोट बरं नाही का?"

मुलं त्यांना बरणीकाका म्हणत. मोठी माणसं पाठीमागे बरणीवाले म्हणत आणि तोंडावरही तेच म्हणत, कारण त्यांना त्याचा राग येत नसे. मीही इथे तेच म्हणतो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. वाशीत इमारती उभ्या राहिल्या होत्या, पण झाडं अजून लोखंडी पिंजऱ्यांत होती. खाडीचा वारा रात्रंदिवस घरात. पितळेचा दिवा आज घासावा तर आठवड्यात काळवंडे. बोअरिंगच्या पाण्याने नळांच्या तोंडाला पांढरा थर बसे, तो नखाने निघत नसे आणि बाजारच्या पावडरीनेही निघत नसे. बायका वैतागलेल्या. अशा ठिकाणी बरणीवाले येऊन राहिले ते जणू नेमणूक झाल्यासारखे.

ते मूळचे राजापूरकडचे. चाळिशी ओलांडलेली, लग्न नाही, आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. नोकरी मुंबईत, सरकारी. वरच्या मजल्यावरची जागा उन्हाळ्यात तव्यासारखी तापायची, म्हणून तिला भाडेकरू मिळत नव्हता. यांनी ती हट्टाने घेतली, कारण वर लगेच गच्ची. घर बघायला आले तेव्हा त्यांनी आतल्या खोल्या पाहिल्याच नाहीत, गच्चीवर जाऊन टाकीची सावली कुठवर पडते एवढं पाहिलं, असं घरमालक सांगे. हे मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. पण खरं असावं.

संध्याकाळी ऑफिसातून आले की ते झाकणाची बादली घेऊन प्रत्येक दाराशी उभे राहत. "वहिनी, साली!" लिंबाच्या, मोसंबीच्या, संत्र्याच्या, अननसाच्या. त्यात गूळ आणि पाणी घालून तीन महिने मुरवायचं. नवी बरणी फुगते, म्हणून रोज ढेकर काढायचा. तीन महिन्यांनी जे गाळून निघे ते साल-पाणी. ते नळाला, फरशीच्या कडांना, मोरीला. तांब्यापितळेला आमसुलाचं पाणी किंवा आंबट ताक. तुपकट भांड्याला रिठा. आरशाला चहाचा चोथा. भाताची पेज सुती साडीला. केळीच्या सालीच्या आतल्या बाजूने ते स्वतःचे बूट पुसत आणि ऑफिसात कुणी बुटांकडे पाहिलं की पाय पुढे करून दाखवत.

"डाग दोन जातींचे," ते मला म्हणाले होते. "एक आंबटाने जातो, दुसरा फेसाने."

"आणि दोन्हींनी गेला नाही तर?"

"मग तो डाग नव्हे. तिथला रंग उडालेला असतो. लोक उगाच घासत बसतात."

मी एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये होतो आणि सोसायटीचा खजिनदारही. मोजल्या-तपासल्याशिवाय माल आत घ्यायचा नाही ही सवय. म्हणून मी साल-पाण्याची परीक्षा घेतली. स्वयंपाकघरातला नळ बाजारच्या पावडरीने घासायचा, मोरीतला साल-पाण्याने, असं महिनाभर चालवलं. मोरीतला नळ चकचकीत झाला. स्वयंपाकघरातला होता तसाच. मात्र शेगडीवरच्या तेलकट थरावर साल-पाण्याचा काडीचा उपयोग झाला नाही, वास मात्र लागला. मी दोन्ही गोष्टी त्यांना सांगितल्या. ते इतके खूश झाले की मला वाटलं मी नीट ऐकू जाईल असं बोललो नाही.

"असा माणूस पाहिजे," ते म्हणाले. "बाकीचे नुसते छान छान म्हणतात. शेगडीला रिठा, मी बोललोच होतो!"

विकत ते कधी देत नसत. ज्याच्या घरची साल, त्याला पाणी, असा त्यांचा नियम. बाटली परत आली पाहिजे, ती धुतलेली पाहिजे, आणि संत्र्याच्या सालीबरोबर बिया आल्या तर ते दारात उभ्या-उभ्या बिया वेचून परत देत. "फळाचा अर्धा भाग तुमचा, अर्धा माझा. बिया तुमच्यात येतात."

त्या बादलीमुळे त्यांना एक भलतीच विद्या आली होती. आपल्याकडे मोसंबी कुणी सहज आणत नाही, घरात कुणी आजारी पडलं की आणतात. त्यामुळे एखाद्या दारातून मोसंबीच्या साली आल्या की हे विचारत, "कोण झोपलंय?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी स्टीलच्या डब्यातून गरम पेज येई, वर लिंबाच्या लोणच्याची फोड. आमच्या हिला एकदा ताप होता तेव्हा पेज आली. ती म्हणाली, "अहो, या माणसाला बादली नसती तर हा कुणाच्या दाराशी जाऊन उभा राहिला असता?" 

मग आमच्या समोरच्या जागेत पंजाबी कुटुंब आलं. कळंबोलीला त्यांचा ट्रकांचा धंदा. घरचे कर्ते अंगाने दरवाजाएवढे, आवाज त्याहून मोठा. आम्ही त्यांना भाईसाब म्हणत असू. त्यांच्याबरोबर बायको, दोन मुलं आणि बायकोची धाकटी बहीण. ही बहीण शाळेत शिकवायची, पस्तिशीची, अविवाहित. सगळे तिला टीचर म्हणू लागले.

ते आले त्याच आठवड्यात मी गिरणीतून दळण घेऊन जिना चढत होतो. वर आमच्या मजल्यावर बरणीवाले बादली घेऊन भाईसाबांच्या दारात उभे. बरणीवाल्यांचं हिंदी आपल्या सगळ्यांसारखंच, मराठीला थोडं वाकवून केलेलं.

"नमस्कार भाईसाब. आपके घर में साली है ना?"

भाईसाब जरा थांबले. "है जी. क्यूं?"

"कितनी निकलती है?"

"कितनी मतलब? एक है."

"एकच? इतना बडा फॅमिली और एकच? जाने दो. जितनी है उतनी हमको देव. फेंको मत."

"क्या बोला?"

"हमको देव. अख्खे बिल्डिंग की साली मैंच लेता. ऊपर गच्ची में बरनी में भरके रखता."

एवढ्यात मी पोचलो. बरणीवाल्यांना साक्षीदार मिळाला. "इनको पूछो. इनकी साली भी मेरे पासच है."

आणि मी, डोक्यावर पिठाचा डबा, मनात मराठी चालू, मान हलवून म्हणालो, "हां हां. हम तो पहले दिन से देते हैं. बहोत अच्छा आदमी है."

भाईसाबांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. बरणीवाल्यांना वाटलं, हे अजून तयार होत नाहीत. म्हणून त्यांनी सूट दिली.

"एकदम ताजी होना ऐसा कुछ नहीं. सूखी चलेगी. सडी हुई भी चलेगी. मैं गूड डालके तीन महिना दबाके रखता है."

पुढचं फार पटकन झालं. भाईसाबांचा हात बरणीवाल्यांच्या कॉलरवर. बादली आडवी. सगळ्या इमारतीच्या साली पायऱ्यांवरून खाली. मी मध्ये पडायला गेलो आणि डबा सुटला, तेव्हा सालींवर पीठ. बरणीवाले पायाच्या चवड्यांवर, तरीही बोलतच होते, "अरे, नहीं देना तो मत देव! जबरदस्ती नहीं है!"

तेव्हा आतून टीचर आल्या. हातात सुरी आणि अर्धं सोललेलं संत्रं. शाळेत मराठी मुलांबरोबर दिवस काढत असल्याने त्यांना एका क्षणात उलगडा झाला असावा.

"जीजाजी, छोडो इनको. छिलका मांग रहे हैं. छिलका! मराठी में साली बोलते हैं."

भाईसाबांनी पायऱ्यांवरच्या पसाऱ्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हात सैल झाला. मग ते असे हसले की खालच्या मजल्यांवरची दारं उघडली. बरणीवाल्यांना अजून काही कळलं नव्हतं. मी त्यांच्या कानात सांगितलं. ते कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले आणि पीठ लागलेल्या साली खाली बसून वेचू लागले.

टीचर दारातच उभ्या होत्या. "एक बात बताइए," त्या म्हणाल्या. "सडी हुई भी चलेगी, ये किसके लिए बोला?"

बरणीवाल्यांनी मान वर केली नाही. "चलेगी," ते म्हणाले. "लेकिन अच्छी हो तो अच्छाच."

दुसऱ्या दिवसापासून त्या दारातल्या साली टीचर स्वतः आणून देऊ लागल्या. बादलीत टाकताना दर वेळी म्हणत, "लो जी, साली आ गई." बरणीवाले दर वेळी लाल होत. त्या साली सारख्या आकाराच्या, आतला पांढरा गर काढलेल्या असत. "पांढरा गर काढला की पाणी कडवट होत नाही," बरणीवाले मला कौतुकाने सांगत, जणू आपण ते पाणी पिणार होतो. त्यांचं हिंदी टीचर दुरुस्त करत आणि हे त्यांचं मराठी. आमच्या दारासमोरच ही शिकवणी चाले, त्यामुळे आमच्याही लक्षात आलं की रोज ती थोडी लांबते आहे. बाकीच्या घरांच्या साली आता घाईने गोळा होत.

त्यांच्या सगळ्या गोष्टी यशस्वी झाल्या असं नाही. दिवाळीच्या आधी त्यांनी इमारतीला भेट म्हणून सगळा जिना साल-पाण्याने धुतला. जिना मोझॅकचा. आंबट पाण्याने त्यातले संगमरवरी कपचे खाल्ले गेले आणि पायरीपायरीवर कोडासारखे पांढरे चट्टे उठले. आमच्या सेक्रेटरींना जिन्याचा फार अभिमान. ते खवळले.

"आंबट दगडाला चालत नाही हे मला माहीत होतं," बरणीवाले सरळ म्हणाले. "पण हा दगड आहे हे माहीत नव्हतं. मला वाटलं लादी म्हणजे लादी."

फराळ सोडून ते गुडघ्यांवर बसले आणि घरोघरचा खोबऱ्याचा चोथा गोळा करून पायऱ्या घासत राहिले. चमक आली. पूर्वीइतकी आली असं मी म्हणणार नाही, सेक्रेटरींनीही म्हटलं नाही. पण त्यांनी एवढंच ऐकवलं, "पुन्हा काही झालं तर गच्ची रिकामी."

ते पुन्हा उन्हाळ्यात झालं. सेक्रेटरींच्या घरचे उडदाचे पापड गच्चीवर वाळत होते. दुपारी एक मोठी काचेची बरणी फुटली. कुणी वर नव्हतं हे नशीब. काचा टाकीपर्यंत गेल्या आणि पापडांवर मोसंबीचा सडा पडला. सेक्रेटरींच्या सौ. त्यातला एक पापड तळून, बशीत घालून प्रत्येक दारी वास द्यायला गेल्या. वास होता, हे कबूल केलं पाहिजे.

रविवारी सकाळी गच्चीवरच सभा ठरली. आदल्या संध्याकाळी बरणीवाले माझ्याकडे आले. बादली नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं हे त्यांना समजत नव्हतं.

"ऑफिसची क्वार्टर मिळतेय मुंबईत," ते म्हणाले. "मागेच मिळत होती. तिथे गच्चीला कुलूप असतं म्हणून नको म्हटलं. आता इथल्या बरण्या गेल्या तर मी इथे राहून काय करू? जातो तिकडे."

"बरण्यांशिवायही राहता येतं माणसाला," मी म्हटलं.

"कुणाच्या दारात जायचं मग?" ते म्हणाले. "आणि काय म्हणून?"

सभेत सेक्रेटरींनी मुद्दा साधा ठेवला. "बरणी का फुटली?"

"ढेकर काढायचा राहिला."

"किती दिवस?"

"तीन."

"का राहिला?"

झाकणाच्या आट्यांवर तासभर बोलू शकणारा माणूस टाकीकडे बघत उभा राहिला.

मला कारण माहीत होतं. म्हणजे, मी अंदाज केला होता, आणि माझे अंदाज सहसा चुकत नाहीत. त्या आठवड्यात समोरच्या दारातून साली घेऊन टीचर आल्या नाहीत, भाईसाबांचा धाकटा मुलगा आला. पिशवीत मोसंबीच्या साली. बरणीवाल्यांनी दारातच विचारलं, "कौन बीमार है?" "मासी. मलेरिया." त्यानंतर रोज सकाळी, बरण्यांच्या वेळेला, हे पेजेचा डबा घेऊन समोरच्या दारात. आतून टीचरचा बारीक आवाज ऐकू येई, "ये चावल का पानी है?" आणि यांचा, "पानी नहीं, पेज. पीनेका. बची तो दुपट्टे को लगाने का, कडक होता." तिथून ते तसेच बस पकडायला धावत. गच्चीवर जाणं राहूनच गेलं.

हे सभेत सांगायचं की नाही, याचा मी विचार करत होतो. ते माझं नव्हतं, म्हणून मी बोललो नाही.

"बघा, उत्तर नाही," सेक्रेटरी म्हणाले. "आज पापड गेले, उद्या कुणाचा डोळा जाईल. हे विसरले, आजारी पडले, दौऱ्यावर गेले, तर या बॉम्बचा ढेकर कोण काढणार? कुणी जबाबदारी घेणार असेल तर हात वर करा. नाहीतर आजच बरण्या खाली."

गच्चीवर कुणी हललं नाही. सगळे साल-पाणी वापरत होते. सगळ्यांचे नळ चकचकीत होते. पण सकाळी बस असते, डबा असतो, शाळा असते. मी माझ्या बसची वेळ मनात मागेपुढे करून पाहत होतो, तेवढ्यात मागून, शाल पांघरून खुर्चीवर बसलेल्या टीचरनी हात वर केला.

"मैं निकालूंगी."

"टीचर, रोज काढायला लागतो तो," सेक्रेटरी म्हणाले.

"रोज निकालूंगी."

बरणीवाले घाबरून पुढे आले. काम नीट समजावून दिलं पाहिजे असं त्यांना वाटलं. "इतवार को भी लगता है हं. और गरमी में दो बार."

"दो बार आऊंगी."

"और बारिश में बरनी इधर नहीं चलती. मेरे घर में अंदर लेनी पडती है."

"अंदर आऊंगी."

"झाकन एकदम नहीं खोलने का. हळूहळू. अर्धा आटा..."

आमच्या हिने मला कोपर मारलं. "अहो, थांबवा त्यांना. बरण्यांचं चाललेलं नाही हे!"

हे तोपर्यंत बहुतेकांना कळलं होतं. बरणीवाल्यांना सगळ्यात शेवटी कळलं. अर्ध्या आट्यासाठी वर केलेला हात तसाच राहिला. सगळ्यांच्या नजरा भाईसाबांकडे. मला जिन्यातली कॉलर आठवली. भाईसाब आपल्या मेव्हणीकडे बघत होते, मग यांच्याकडे, मग ओळीने मांडलेल्या बरण्यांकडे. बराच वेळ त्यांनी तो हिशेब केला.

"सेक्रेटरी साब," ते शेवटी म्हणाले, "लिख लो. बरनियां यहीं रहेंगी."

"पण मतदान व्हायला पाहिजे—"

"हो गया मतदान," भाईसाब म्हणाले, आणि त्या आवाजापुढे सेक्रेटरींनी लिहून घेतलं.

लग्न नोंदणी पद्धतीने झालं, पाऊस सरल्यावर. मुलीकडून साक्षीदार भाईसाब, मुलाकडून मी. कार्यालयातला क्लार्क गप्पिष्ट होता. कागद पुढे सरकवत त्याने विचारलं, "लव्ह मॅरेज का ठरवून?"

"ठरवून," भाईसाब मराठीत म्हणाले. एवढं मराठी त्यांना येऊ लागलं होतं. बाकीचं त्यांनी त्यांच्या भाषेत सांगितलं. "इन्होंने खुद मांगा था जी. सीढी पे, सबके सामने. ये गवाह तब भी खडा था, सर पे डिब्बा लेके. समझने में टाइम मैंने लगाया."

मी मान हलवली. या वेळी समजून हलवली.

"सडी हुई भी चलेगी, ये भी बोले थे," टीचर सही करता करता म्हणाल्या. "वो किस खाने में लिखते हैं?"

क्लार्कने पेन खाली ठेवलं. ते सगळं त्याला पहिल्यापासून ऐकायचं होतं. पण बरणीवाल्यांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. नवा सदरा, केळीच्या सालीने पुसलेले बूट आणि चेहऱ्यावर काळजी.

"जरा लवकर करा हो," ते क्लार्कला म्हणाले. "आज सकाळच्या गडबडीत एकाही बरणीचा ढेकर काढलेला नाही."

टीचरनी कागदावरून डोळे न उचलता पेन त्यांच्या हातात दिलं.

"मी काढून आले," त्या म्हणाल्या. "तुम्ही सही करा."